शुभदाताईंचा सिसिलीतला घाट

शुभदाताईंना गाडी लागते, ही गोष्ट सिंगापुरातल्या तोआ पायोहमधल्या आमच्या मजल्यावर कुणापासूनच लपलेली नव्हती. टॅक्सीने पहिला सिग्नल ओलांडला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, आणि दुसऱ्या सिग्नलच्या आत माधवराव, म्हणजे त्यांचे यजमान, पिशवी उघडून धरायचे. चांगी विमानतळावर जायचं असलं तर सामान आणि माधवराव टॅक्सीने, ताई एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने. माधवरावांच्या प्रत्येक पँटच्या खिशात घडी केलेली एक प्लास्टिकची पिशवी असे. एकदा देवळात रुमाल काढायला गेले तर तीच हातात आली. पुजाऱ्याला वाटलं गृहस्थ तयारीने आलेत, आणि त्याने तिच्यात लाडू भरून दिले.

आणि या बाईंचं आयुष्यभराचं वेड काय, तर मोटारींची शर्यत!

सिंगापुरात दरवर्षी भर शहरात दिव्यांच्या झगमगाटात जी शर्यत होते, ती नव्हे. तिच्याबद्दल ताईंचं मत फार वाईट होतं. मी नोकरी करते त्या बँकेतले लोक तिच्या तिकिटांसाठी जीव टाकायचे आणि ताई म्हणायच्या, "चावीच्या खेळण्यासारख्या गोल गोल फिरतात मेल्या. ना डोंगर, ना मेंढ्या." त्यांची शर्यत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेली, इटलीतल्या सिसिली बेटाच्या डोंगरांतली. तिचं पूर्ण नाव मोठं होतं, पण ताईंच्या तोंडी नुसतं 'तार्गा'. तार्गा म्हणजे फलक. जिंकणाऱ्याला कप नव्हे, कोरीव फलक मिळायचा. तिथल्या एका धनाढ्य घरातल्या मोटारवेड्या तरुणाने ती सुरू केली, आणि तीही कुठे, तर जिथून तोवर मुख्यतः खेचरं आणि गाढवंच जात होती अशा रस्त्यांवर. नुसती वळणं. एका गाडीत दोघं: एक चालवणारा आणि शेजारी मेकॅनिक. त्याने तेलावर डोळा ठेवायचा, फुटलेलं चाक बदलायचं आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचं. त्या दिवशी गावागावांतून ताकीद असायची की पोरंबाळं आणि शेळ्यामेंढ्या रस्त्यावर सोडू नका.

हे सगळं मी ऐकलं ते ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मिसळणाचा डबा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं गाव, लोणच्याची बरणी म्हणजे समुद्र, आणि माधवरावांचा चष्मा म्हणजे एक भयंकर जोडवळण. शर्यत संपेपर्यंत माधवरावांना पेपर वाचता येत नसे. ते समोर हाताची घडी घालून बसत आणि मधेच म्हणत, "माझ्यावरून गेली का गं गाडी?"

ताई मूळच्या साताऱ्याच्या. वडील टॅक्सी चालवायचे, सातारा ते महाबळेश्वर. कुणा प्रवाशाने गाडीत विसरलेलं एक परदेशी मासिक त्यांनी घरी आणलं, त्यात तार्गाचा फोटो होता: चिखलाने माखलेली उघडी गाडी, आत दोन माणसं, दोघांचे फक्त डोळे दिसतायत. शाळकरी शुभदाला तो फोटो असा चिकटला की पुढे हिशेबतपासनीस झाल्या, लग्न झालं, सिंगापूरला एका विमा कंपनीत आल्या, तरी सुटला नाही. तार्गावरची मिळतील ती पुस्तकं त्यांनी मागवली, त्यासाठी कामापुरती इटालियनही शिकल्या. वडील घाटातले पट्टीचे चालक, आणि मुलगी मात्र पसरणीच्या घाटात पहिल्याच वळणाला खिडकीबाहेर. "बाबांनी मला कधी हसण्यावारी नेलं नाही," त्या सांगायच्या. "गाडी बाजूला घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि म्हणायचे, घाट कुठे पळून जात नाही."

तार्गाची एक तऱ्हा होती. सगळ्या गाड्या एकदम सुटत नसत. एक निघाली की काही मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. त्यामुळे आधी परत आलेली गाडी जिंकलीच असं नाही. ती निघाली कधी होती, ते विचारायचं. ताईंनी हे सूत्र अख्ख्या जगाला लावलं होतं. एकदा मी बुकित तिमाहला एका मैत्रिणीच्या नव्या काँडोच्या वास्तुशांतीहून परतले, ते चांगलीच धुमसत. मैत्रीण आणि मी पुण्यात एका वर्गात होतो. तिला स्विमिंग पूल, आणि मी अजून भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नोकरीच्या पासचं नूतनीकरण होईल की नाही या विवंचनेत.

"ती सिंगापूरला कधी आली?" ताईंनी विचारलं.

"माझ्या बरीच आधी."

"मग तुझी फेरी तिच्या घड्याळावर कशाला मोजतेस? पोहे घे."

मला तेव्हा रागच आला. मला चार गोड शब्द हवे होते, वेळापत्रक नव्हे. पण पोहे उत्तम होते, आणि खाता खाता मी बरीच निवळले.

आता ताईंच्या दुखऱ्या जागेबद्दल. मी सिंगापूरला यायच्या आधी कधीतरी त्या दोघांनी सिसिली गाठली होती. आयुष्यभराची हौस, म्हणून समुद्रकाठच्या गावातून टॅक्सी केली आणि डोंगरात शिरले. चौथ्या-पाचव्या वळणावरच ताई इतक्या आजारी झाल्या की टॅक्सीवाल्याने घाबरून गाडी मागे फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तार्गाचा रस्ता त्यांनी पाहिला तो पिशवीच्या काठावरून, तोही डोळे मिटून घेण्याआधी जेवढा दिसला तेवढा.

तिथे काय झालं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. एका वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळींनी ताईंचं तार्गावर भाषण ठेवलं. ताई रंगून बोलल्या. मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती, एक तर म्हणाला, "आंटी, सो शिओक, लाह!" म्हणजे एकदम झकास. शेवटी कुणीतरी भाबडेपणाने विचारलं, "ताई, तुम्ही तर जाऊन आलात. प्रत्यक्षात कसा आहे हो तो रस्ता?"

 ताई म्हणाल्या, "मला सांगता यायचं नाही. मी पाहिलेला नाही." आणि खाली उतरून आरतीची ताटं लावायला लागल्या. त्या रात्री ताई पुढे घरी गेल्यावर लिफ्टपाशी माधवरावांनी मला सगळं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. एखाद्याला एका रस्त्याचं गाव न् गाव पाठ असावं आणि त्याच रस्त्याला तोंड दाखवायची चोरी व्हावी, हे कुठल्या जन्मीचं देणं म्हणायचं!

मग एका रविवारी सकाळी आमच्या दारावर थापा पडल्या. बेल असूनही थापा. दारात ताई, हातात उघडं पुस्तक.

"अगं, चालवणाऱ्याला लागत नाही!"

"काय लागत नाही?"

"गाडी! शेजारच्या मेकॅनिकला मळमळायचं. चालवणाऱ्याची तक्रार कुठे नाहीच. बाबांना कधी लागली? नाही. इतकी वर्षं मी चुकीच्या सीटवर बसत्येय!"

थोडक्यात, ताईंना तार्गाचा रस्ता डोळे उघडे ठेवून बघायचा तर एकच मार्ग होता. गाडी स्वतः चालवायची. अडचण एवढीच की त्यांना गाडी येत नव्हती, साठी जवळ आली होती, आणि त्या दोघांनी पुढच्या उन्हाळ्यात सिंगापूर सोडून कायमचं साताऱ्याला परतायचं पक्कं केलं होतं. माधवरावांचे गुडघे पार गेले होते. "एकदा साताऱ्याला जाऊन पडलो की मग कुठली सिसिली," ताई म्हणाल्या. "जायचं तर जाता जाता. नाहीतर राहिलंच ते."

मी शहाणपणा केला. म्हटलं, परवानाच हवा तर साताऱ्यात काढा, इथली परीक्षा किती कडक असते. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकले. "मला परवाना नकोय," त्या म्हणाल्या, "मला गाडी चालवता यायला हवीय."

त्यांनी हौगांगचे लिम अंकल शिकवायला धरले. लिम अंकल सत्तरीचे, बारीक, बनियनवर उघड्या बटणांचा शर्ट, आणि गाडी त्यांच्याच वयाची वाटावी अशी. ताईंनी हट्टाने गिअरची गाडी घेतली, ऑटोमॅटिकला त्या 'पाळणा' म्हणत. पहिल्या दिवशी परत आल्या त्या घामाने निथळत, पण चेहरा लालबुंद, पांढरा नव्हे. आम्ही दोघं खाली लिफ्टपाशी उभे होतो. माधवराव पिशवी काढायच्याच बेतात होते. ताईंनी ती त्यांच्या हातातून घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दसऱ्याला त्यांनी लिम अंकलच्या गाडीची पूजा केली. गाडी दुसऱ्याची असली म्हणून काय झालं, आपण तिच्यावर शिकतो ना! टेक्का मार्केटमधून झेंडूची माळ आणली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. लिम अंकल बाजूला उभे राहून गंभीरपणे बघत होते. त्यांनी विचारलं, "आंटी, दिस वन फॉर सेफ्टी ऑर फॉर पास?" ताई म्हणाल्या, "बोथ." मग लिम अंकलनी माळ काढू दिली नाही. पार वाळून चोथा होईपर्यंत ती गाडीवर मिरवत होती, आणि कुंकवाचा डाग तर पॉलिशनेही गेला नाही.

तरीही ताई नापास झाल्या.

त्याचं असं झालं, की त्यांच्या अंगात घाट होता. वळण आलं की त्या ते आतून कापायच्या, घाटातल्यासारखं. "आंटी, वाय यू कट कॉर्नर? दिस नॉट रेस, लाह!" लिम अंकल कपाळाला हात लावायचे. पहिल्या परीक्षेत मागचं चाक फूटपाथच्या कडेवर चढलं. तिथल्या तिथे नापास. दुसऱ्या वेळी तर कहर झाला. एका ब्लॉकच्या कोपऱ्यावर पलीकडचं दिसेना, तेव्हा ताईंनी वडील घाटात करायचे तसं केलं आणि वळणावर लांबलचक हॉर्न दिला. आपल्याकडे घाटात 'हॉर्न द्या' अशी पाटीच असते. सिंगापुरात मात्र हॉर्न ऐकला की लोक अपघात झाला समजतात. ट्रॉली ओढत चाललेली एक आजी जागच्या जागी थिजली, वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावली, आणि परीक्षकाने तोंडातून चकार शब्द न काढता कागदावर बरंच काही लिहिलं. लिम अंकल नंतर एवढंच म्हणाले, "आंटी, हियर नो काऊ."

आता उन्हाळ्याच्या आधी एकच परीक्षा मिळत होती. फ्लॅट सोडायची तारीख ठरली होती, अर्ध्या वस्तू बांधून झाल्या होत्या. ताई खचलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. टेबलावर मिसळणाचा डबा आणि बरणी होती, पण डोंगर आणि समुद्र काही होईनात. त्यांना बोलतं करावं म्हणून मी तार्गातल्या त्या बाईंची गोष्ट विचारली. चेकोस्लोव्हाकियाच्या एक बाई पुरुषांच्या बरोबरीने तार्गात उतरल्या होत्या, आणि शर्यतीआधी तो अख्खा रस्ता पायी तुडवला होता, दगड न् दगड लक्षात राहावा म्हणून. ताई सांगायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

"पायी," त्या म्हणाल्या. "अगं, मी हे इतक्या जणांना सांगते आणि स्वतः काय करते? गाडीत बसून पसरणीचा घाट आठवते!"

दुसऱ्या दिवसापासून ताई परीक्षेचे रस्ते पायी चालायला लागल्या. कुठल्या कुठल्या रस्त्यांवर परीक्षा घेतात ते लिम अंकलना तोंडपाठ होतं. ताई टोपी घालून, छत्री उघडून, फूटपाथच्या काठाकाठाने जात. कुठे बसथांबा येतो, कुठल्या झाडामुळे सिग्नल दिसत नाही, कुठे शाळा सुटते, सगळं बघत. वळणाशी थांबून हवेत स्टिअरिंग फिरवत. मागून गुडघे सांभाळत माधवराव, पाण्याची बाटली घेऊन. एका बसचालकाने बिचाऱ्याने त्या थांब्यावर उभ्या आहेत समजून बस थांबवली. ताईंनी त्याला हाताने 'जा जा' केलं.

परीक्षेच्या सकाळी माधवराव आणि मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, बसलो होतो. कोपीचे, म्हणजे तिथल्या कॉफीचे, दोन पेले समोर गार होत होते. फोन आला तो लिम अंकलचा. माधवराव नुसतं "येस... येस... येस" म्हणत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना, माझा जीव टांगणीला. शेवटी फोन ठेवून त्यांनी समोरची गार कोपी एका दमात संपवली आणि म्हणाले, "झाली पास. आणि लिम अंकल रडतायत, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही." मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या टेबलावरचं सगळं कुटुंब वळून बघायला लागलं. छातीवरचा एक धोंडा उतरल्यासारखं झालं. परवाना काही माझा नव्हता, तरीही.

सिसिलीला मीही गेले. माधवरावांना सोबत हवी होती आणि मला इटली बघायची होती. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण प्रत्यक्ष बसताना माधवराव सवयीने स्टिअरिंगच्याच बाजूला गेले. शर्यत जिथून सुटायची तिथे रस्त्याकडेला जुन्या प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून उभ्या आहेत. मागच्या शतकातच, अपघात वाढल्यावर, शर्यत थांबली. आता तिथे वाळलं गवत आणि पाली. सकाळी तिथून ताईंनी भाड्याची छोटी पांढरी गाडी हळूच सोडली. शेजारी माधवराव, "उजवीकडे, उजवीकडे" असा जप करत. मागे मी.

पहिली वळणं कुणी श्वासच घेतला नाही. मग घाट चढायला लागला. ताई एक शब्द बोलत नव्हत्या. मी आरशातून त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघत होते. रंग जागेवर होता. ऑलिव्हची झाडं, कड्यावर टेकलेली गावं, खाली खोल दऱ्या, आणि वळणं, वळणं, वळणं. डोंगरमाथ्याच्या जवळपास कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला. ती मी होते. गाडी मलाच लागली होती!

ताईंनी जागा बघून गाडी बाजूला घेतली, माझं डोकं धरलं, तोंडावर पाणी मारलं. "होतं असं," त्या म्हणाल्या. "बस जरा. घाई नाही." त्यांच्या आवाजात इतकी समजूत होती की मला तशा अवस्थेतही हसू आलं.

अख्खी फेरी पुरी झाली. निघालो होतो त्याच पायऱ्यांशी ताईंनी गाडी आणून उभी केली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिल्या. माधवरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आता डोळे पुसणं वगैरे होईल, फोटो होतील, असं मला वाटलं.

"उतरा दोघं," ताई म्हणाल्या.

"का गं?"

"सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. डोंगर नीट बघायचा राहिला. मी अजून एक फेरी मारून येते."

"एकटी?" माधवराव म्हणाले.

"एकटी."

 माधवराव खाली उतरले, दार नीट लागलं की नाही ते दोनदा बघितलं. गाडी निघाली. निर्मनुष्य रस्ता, तरी ताईंनी सिग्नल दिला. पहिल्या वळणाशी वेग कमी झाला आणि गाडी दिसेनाशी झाली.

आम्ही पायऱ्यांपाशी उभे राहिलो. मला भीती वाटत होती. अनोळखी डोंगर, उलटी बाजू, साठीची बाई, परवान्याची शाई ओली. फोनला रेंज नव्हती. माधवराव उन्हात उभे, वळणावर डोळे लावून. बसा म्हटलं तर बसेनात. "लग्न झाल्यापासून घाटात ही गाडीत आणि मी बाहेर, असं कधी झालं नाही," ते म्हणाले. ऊन चढलं, सावली पायऱ्यांच्या आत सरकली, एक शेतकरी ट्रॅक्टरवरून गेला आणि आम्हाला हात करून गेला. ती फेरी संपायला लागायचा तेवढा वेळ लागतच होता, पण आम्हाला तो फार वाटला.

मग दुसऱ्या बाजूने इंजिनचा आवाज आला. पांढरी गाडी सरळ रस्त्यावर आली. आम्ही दोघं हात हलवत रस्त्याच्या कडेला धावलो, माधवरावसुद्धा. गाडी थांबली नाही. खिडकीच्या काचा उतरवलेल्या, ताईंचे केस वाऱ्यावर पसरलेले, उजवा हात रिकाम्या सीटवरून डोंगराकडे रोखलेला, आणि तोंडाने अखंड बोलणं चाललेलं. आमच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. सिग्नल देऊन त्या पुन्हा वळणात शिरल्या.

दोन दिवसांनी ती दोघं साताऱ्याच्या वाटेला लागली आणि मी सिंगापूरला परतले. विमानतळावर निरोपही झाला, फोन तर अजून दर रविवारी असतात. पण शुभदाताई म्हटलं की मला दिसतं ते तेवढंच, खिडकीतलं, गाडी समोरून गेली त्या क्षणाचं.

त्या दिवशी गाडी वळणाआड गेल्यावर माधवराव मागे येऊन पायरीवर बसले, गुडघे लांब केले आणि कितीतरी वेळाने त्यांनी श्वास सोडला.

"बोलत होती, पाहिलंस?" ते म्हणाले. "गाडीत बसून ती आजवर कधी बोललेली नाही. बस आता निवांत. बरी आहे ती."